पत्रलेखकाची पत

वर्तमानपत्रातील वाचकांच्या पत्रांचे सदर हे गावच्या गायरानासारखे असते. त्यावर एकाची मालकी नसते, उपयोग मात्र सर्वांना होतो. या गायरानात दोन प्रकारची माणसे येतात. एक चालू चर्चेत स्वतःजवळची काही भर घालतो. दुसरा "लेख फारच आवडला" असे दोन शब्द लिहून लगेच स्वतःच्या संस्थेची, पुस्तकाची वा दुकानाची जाहिरात करतो. पहिल्याला नाव मिळते, दुसऱ्याला फार तर जागा मिळते. हा भेद नीतीचा आहेच. तथापि तो अर्थशास्त्राचाही आहे.

१८४८ साली गोपाळ हरी देशमुख हे पंचवीस वर्षांचे सरकारी नोकर भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने पत्रे लिहू लागले. १८५० पर्यंत ती शंभरावर गेली आणि 'शतपत्रे' म्हणून ओळखली गेली. पत्र दुसऱ्याचे, नाव टोपणाचे. तेव्हा स्वतःस पुढे करण्याची सोयच नव्हती. पुढे आला तो विचार. अखेर टोपणनावानेच मूळ नावास झाकून टाकले. याच काळात, १८४९ मध्ये, त्यांचे अर्थशास्त्रावरील 'लक्ष्मीज्ञान' प्रसिद्ध झाले. या ग्रंथाचा कर्ता कोण, हे महाराष्ट्राला पुढे पत्रलेखक लोकहितवादी म्हणूनच ठाऊक राहिले.

असे का घडते? जॉर्ज अकर्लोफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, चांगला माल आणि वाईट माल ग्राहकाला ओळखता आला नाही, तर चांगला मालच बाजारातून निघून जातो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये त्यावरील तोड सांगितली: गुणाची खूण अशी हवी की, ती गुणहीनाला परवडू नये. स्तुतीचे दोन शब्द कोणालाही परवडतात. म्हणून ते काहीच सिद्ध करीत नाहीत. मूळ लेख पुरता वाचून त्यात नसलेली एक खरी माहिती देणे, यास मात्र श्रम व अनुभव लागतो. ती खूण वाचक ओळखतो.

धारणीसारख्या ठिकाणी या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. १९९३ मध्ये बालमृत्यूंच्या बातम्यांनी मेळघाट देशभर पोहोचला. तेव्हापासून मेळघाटाविषयी बोलणारे बहुतेक बाहेरचेच राहिले. शाळेतील उपस्थिती घटल्याचे वृत्त छापून येते. परंतु मजुरीसाठी बाहेर पडलेली कोरकू कुटुंबे होळीला परततात आणि त्यांची मुलेही त्यांच्याबरोबरच असतात, हे धारणीच्या शिक्षकाला ठाऊक असते. त्याने हे दहा ओळींत, गाव व महिना सांगून लिहिले, तर त्याचे पत्र मूळ वृत्तापेक्षाही अधिक काळ लक्षात राहील. मध विकणाऱ्या तरुणाने "आमचा मध शुद्ध आहे" असे लिहिण्यापेक्षा, सबंध पोळे न पिळता मधाचाच भाग कापला तर पिल्ले वाचतात व मोहोळ टिकते, हे लिहावे. खाली नाव, व्यवसाय आणि 'धारणी' एवढे पुरे. ज्याला मध हवा, तो पत्ता शोधीत येईल.

यात स्वार्थ नाही काय? आहे, आणि तो असण्यात गैर काही नाही. मात्र तो लपविता कामा नये आणि लोकांना काही दिल्यावाचून वसूल करता कामा नये. स्वतःचा हितसंबंध उघड सांगणाऱ्याचे मत वाचक तोलून घेतो. तो लपविल्याचे एकदा उघड झाले की, पुढची खरी पत्रेही खोटी ठरतात.

एकेकाळी अमरावतीला पत्र पोहोचायचे म्हणजे सेमाडोह-परतवाड्याच्या घाटवाटेने जाणाऱ्या टपालाची वाट पाहावी लागे. धारणी तालुक्यातील हरिसाल २०१६ मध्ये 'डिजिटल गाव' म्हणून गाजले. आज मजकूर क्षणात जातो. परंतु पाठविण्याचा खर्च उरला नाही, म्हणजे पोकळ मजकुराचाही खर्च उरला नाही. अशा वेळी लिहिण्यामागील श्रम हीच एकमेव पारख शिल्लक राहते. गायरान सर्वांचे आहे. पण त्यात केवळ चरणारेच वाढले, तर उद्या तेथे गवत उरणार नाही, आणि मग ज्याच्याजवळ सांगण्यासारखे खरोखर काही आहे, त्यालाही ऐकणारा मिळणार नाही.