दोन ग्राफिक्स कार्डांच्या संगणकाचे शीतकरण
खेळांसाठी दोन ग्राफिक्स कार्डे जोडण्याची प्रथा २०२१ नंतर मावळली असली, तरी असे जुने संगणक ॲनिमेशनसाठी आजही उपयोगी पडतात. लगतच्या कार्डांपैकी वरचे कार्ड खालच्याची तप्त हवा ओढते आणि मर्यादा गाठताच स्वतःचा वेग घटविते. येथे उष्ण हवा मागून पेटीबाहेर फेकणारी ब्लोअर कार्डे, गोंगाट होत असला तरी, श्रेयस्कर ठरतात. द्रवशीतन अधिक प्रभावी आहे. पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’ महासंगणकात त्याचाच अवलंब झाला. परंतु साधा रेडिएटर द्रवाला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. प्रत्येकी ३५० वॅटची दोन कार्डे ७०० वॅट उष्णता खोलीतच सोडतात. एक टनी वातानुकूलन यंत्राच्या क्षमतेचा हा पाचवा हिस्सा होय. खांदा कॉलनीतील सदनिकेत, पावसामुळे खिडक्या बंद असताना, प्रश्न पेटीचा न राहता खोलीचा होतो. तेथे पंप-रेडिएटरआधी भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसवावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.