गाडी का लागते?

शाळेची सहल ठरली, की वर्गातील दोन-चार मुले मनातून धास्तावतात. घाट सुरू झाला, की त्यांचा चेहरा पांढरा पडतो, घाम सुटतो, मळमळू लागते आणि अखेर उलटी होते. इतर मुले चेष्टा करतात. काही जण तर पुढच्या सहलीला येतच नाहीत. वास्तविक गाडी लागणे हा भित्रेपणा नव्हे. त्याचे मूळ आपल्या कानात आहे.

अंतर्कर्णात परस्परांशी जवळजवळ काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव असतो. डोके वळले, की नलिका वळते, पण द्रव जडत्वामुळे मागे राहतो. त्यामुळे आतील सूक्ष्म तंतू वाकतात व मेंदूला वळल्याची वार्ता मिळते. पेल्यातील पाण्यावर थोडा लाकडाचा भुसा टाकून पेला जागच्या जागी गर्रकन फिरवा. पेला फिरतो, भुसा मात्र सुरुवातीला जवळजवळ जागीच राहतो. कानात असेच घडते. नलिकांशेजारच्या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. गाडीचा वेग वाढला, कमी झाला किंवा ती वरखाली झाली, की ते सरकतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. कानाला वेग कळत नाही. वेगातील बदल, म्हणजे त्वरण, कळते. सरळ रुळावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या आगगाडीत त्रास कमी होतो, तो म्हणूनच. घाटात मात्र दिशा सतत बदलते. वळणाची त्रिज्या ४० मीटर व बसचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर, असेल, तर वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागून त्वरण २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. हे गुरुत्व त्वरणाच्या सुमारे एक चतुर्थांश झाले! वेग निम्मा केला, तर हे त्वरण चौथा हिस्साच उरते.

आता डोळे काय सांगतात? पुस्तकावर, मोबाइलवर किंवा समोरच्या आसनावर नजर असेल, तर ते सांगतात, ‘सर्व स्थिर आहे.’ कान म्हणतो, ‘आपण वळतो आहोत.’ या विसंगतीमुळे गाडी लागते, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. अंतर्कर्णातील ही यंत्रणा पूर्ण निकामी झालेल्यांना गाडी किंवा बोट लागत नाही, हा त्याला आधार आहे. पण यात पोटाचा काय संबंध? विषबाधेतही संवेदनांचा असाच गोंधळ होतो. म्हणून मेंदू विष बाहेर टाकण्याचा हुकूम देत असावा, असा तर्क ट्रीझमन यांनी १९७७ साली मांडला.

कारण कळले, की उपाय सुचतात. डोळे व कान यांचे एकमत करावयाचे आणि धक्के कमी करावयाचे. पुढच्या बाजूला बसून दूरच्या रस्त्याकडे पाहावे. पुढचे वळण आधीच दिसत असल्याने चालकाला सहसा त्रास होत नाही. बसच्या मागच्या चाकांमागील आसने टाळावीत; तेथे उसळी सर्वांत जास्त असते. प्रवासात वाचू नये. डोके आसनाला टेकून स्थिर ठेवावे. रस्ता दिसत नसेल, तर डोळे मिटावेत. खिडकी उघडून मोकळी हवा घ्यावी. मात्र डोके वा हात बाहेर काढू नये. निघण्यापूर्वी तेलकट वा भरपेट खाऊ नये. गोळी घ्यावयाची तर डॉक्टरांना विचारून, निघण्यापूर्वीच घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. अशा बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, हेही लक्षात ठेवावे.

शिक्षकांनी सहलीत पुढची आसने अशा मुलांना द्यावीत आणि चेष्टा करणाऱ्यांना १९६१ सालची एक हकीकत सांगावी. सोव्हिएत अंतराळवीर गेरमन तितोव यांनी त्या वर्षी ऑगस्टमध्ये पृथ्वीभोवती १७ प्रदक्षिणा केल्या. वजनरहित अवस्थेत कानातील कणांचे संदेश बदलतात. तितोव हे तर निष्णात वैमानिक, पण त्यांनाही मळमळून आले. तरीही सुमारे २५ तासांचा प्रवास पुरा करूनच ते परतले.