गुन्हे मागे घेतले, पण कोणत्या टप्प्यावर?

मराठा आरक्षणासाठीचे मुंबईच्या आझाद मैदानावरचे उपोषण 2 सप्टेंबर 2025 रोजी सुटले, तेव्हा सरकारने मान्य केलेल्या मागण्यांत आंदोलकांवरील गुन्हे मागे घेण्याची मागणीही होती. मुदत ठरली ती सप्टेंबरअखेरची. चर्चा सगळी कुणबी दाखल्यांसाठीच्या हैदराबाद गॅझेटची झाली. पण ज्या तरुणांची नावे एफआयआरमध्ये आहेत, त्यांच्या घरात गुन्ह्यांचीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली गेली असणार. पोलीस भरतीतली चारित्र्य पडताळणी आणि पासपोर्ट तिथेच अडतात. या तरुणांना दोन गोष्टी कुणीतरी स्पष्ट सांगायला हव्यात. खटला मागे घेण्याचा अंतिम अधिकार मंत्रिमंडळाला नाही. आणि मागे घेतलेला प्रत्येक खटला कायमचा संपतोच असेही नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 360 नुसार अर्ज करायचा तो त्या खटल्याच्या सरकारी वकिलाने, आणि संमती द्यायची की नाही हे न्यायालयाने ठरवायचे. जुन्या संहितेतले कलम 321 हेच. मंत्रालयातून पत्र आले म्हणून वकिलाने सही करून मोकळे व्हायचे नसते. खटला मागे घेणे लोकहिताचे आहे का, हे त्याने स्वतः कागदपत्रे पाहून ठरवायचे असते.

ही तरतूद किती मोलाची आहे ते 2000 साली दिसले. 30 जुलैला चंदनतस्कर वीरप्पनने कन्नड अभिनेते राजकुमार यांचे अपहरण केले. त्याच्या अटींत तुरुंगातल्या साथीदारांची सुटकाही होती. कर्नाटक सरकारने मान तुकवली. साथीदारांवरील ‘टाडा’ या दहशतवादविरोधी कायद्याखालचे आरोप मागे घेण्याचा अर्ज म्हैसूरच्या विशेष न्यायालयात गेला आणि मंजूरही झाला. सगळे राज्य राजकुमार यांच्यासाठी देव पाण्यात घालून बसलेले असताना अब्दुल करीम नावाचे एक गृहस्थ सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचा मुलगा शकील अहमद हा पोलीस उपनिरीक्षक. 1992 मध्ये वीरप्पनच्या टोळीने दबा धरून त्याला ठार केले होते. सरकारला शांतता हवी होती आणि लोकांना त्यांचा लाडका नट. करीम यांच्या मागे कोणतीही संघटना नव्हती, तरी न्यायालयाने त्यांचे म्हणणे ऐकले. 7 नोव्हेंबरला संमतीचा आदेश रद्द झाला. सरकारी वकिलाने स्वतंत्र विचार केला नाही आणि खालच्या न्यायालयानेही तो केला का हे तपासले नाही, हा ठपका निकालात आहे. आठवडाभराने राजकुमार सुखरूप परतले, आरोप मागे न घेता.

माझ्या मते खटला मागे घेण्याच्या प्रत्येक अर्जावर निकाल देण्यापूर्वी न्यायाधीशाने हा निवाडा वाचावा. कारण उलट उदाहरणेही आहेत. बिहारचे मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावरील सहकारी बँकेच्या प्रकरणाचा खटला ते सत्तेवर असताना मागे घेतला गेला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर 1986 मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ते मान्य केले. आता आजी-माजी खासदार-आमदारांवरचा खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा हा आदेश ऑगस्ट 2021 चा. आंदोलनाच्या एखाद्या गुन्ह्यात माजी आमदार सहआरोपी असेल, तर सप्टेंबरअखेरची मुदत पाळली जाणे कठीणच होते.

आता टप्प्याची गोष्ट. आरोपनिश्चितीच्या आधी खटला मागे घेतला, तर आरोपी केवळ आरोपमुक्त होतो. आरोपनिश्चितीनंतर घेतला, तर त्याची निर्दोष मुक्तता होते. निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. आरोपमुक्ताला मात्र ते संरक्षण नाही. आरोपमुक्ती म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे, असे संहितेच्या कलम 337 च्या स्पष्टीकरणातच लिहिले आहे. ज्या किरकोळ गुन्ह्यांत रीतसर आरोपनिश्चिती लागतच नाही, तिथे खटला मागे घेतला की थेट निर्दोष मुक्तता मिळते. रास्ता रोकोतले बरेच गुन्हे असे असतात. खरा धोका जाळपोळीसारख्या गंभीर कलमांत आहे. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना दखल घेण्याची कालमर्यादा नाही, त्यामुळे सरकार बदलल्यावर जुनी फाईल उघडायला कायद्याची आडकाठी नाही. आरोपपत्रच दाखल झाले नसेल, तर पोलीस ‘सी समरी’ पाठवून तपास बंद करू शकतात, पण न्यायालयाने ती स्वीकारल्यावरही पुढील तपासाचे दार उघडेच राहते.

सरकारने दिलेल्या शब्दाला कायद्यात किंमत असावी का, हा प्रश्न अमेरिकेतील इलिनॉय राज्यात निकाली निघाला. अभिनेता जसी स्मॉलेट याने स्वतःवर हल्ला झाल्याचा बनाव केला, असा आरोप होता. 2019 मध्ये शिकागोच्या अभियोक्त्यांनी त्याला दहा हजार डॉलरच्या जामिनाच्या रकमेवर पाणी सोडायला लावून आणि समाजसेवा मोजून खटला मागे घेतला. लोक संतापले, विशेष अभियोक्ता नेमला गेला, नव्याने खटला झाला, शिक्षाही झाली. नोव्हेंबर 2024 मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली : आरोपीने आपला वाटा पुरा केला आहे, सरकारनेही शब्द पाळावा. निकाल अनेकांना बोचला, मला तो रास्त वाटतो. उपोषणाच्या मंडपात दिलेल्या आश्वासनाला आपल्याकडे असे बळ नाही.

नव्या संहितेने एक भर मात्र चांगली घातली आहे. पीडिताला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय न्यायालयाला आता संमती देता येत नाही. ज्याची एसटी फोडली गेली तो चालक, ज्याचे दुकान जळाले तो दुकानदार, यांना नोटीस गेलीच पाहिजे. ती न देता घाईने मिळवलेला आदेश वरच्या न्यायालयात टिकणे कठीण, आणि त्याचा फटका पुन्हा त्याच तरुणांना बसेल.

तेव्हा ज्यांची नावे यादीत आहेत त्यांनी नेत्याच्या मोबाइलवरच्या संदेशावर विसंबू नये. न्यायालयातून आदेशाची प्रमाणित प्रत घ्या. ‘आरोपमुक्त’ लिहिले आहे की ‘निर्दोष मुक्तता’, हे वकिलाकडून वाचून घ्या आणि मगच नोकरीच्या अर्जातला गुन्ह्यांचा रकाना भरा.