विश्लेषण : ना वजनकाटा, ना स्पीडगन, मग न्यूट्रॉनचं वस्तुमान मोजलं कसं?

एका वस्तूचा संवेग ६.४ किलोग्रॅम मीटर प्रतिसेकंद, गतिज ऊर्जा १२८ ज्यूल. वस्तुमान आणि वेग काढा. प्रवेश परीक्षांच्या सरावात असा प्रश्न हमखास भेटतो.

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याच्या निम्मी. ऊर्जेच्या दुपटीला संवेगाने भागलं की वस्तुमान कटतं, वेग उरतो. २५६ भागिले ६.४, म्हणजे सेकंदाला ४० मीटर. आता संवेगाला ४० ने भागा, वस्तुमान ०.१६ किलो. ताशी १४४ किलोमीटर वेगाने आलेला क्रिकेटचा चेंडूच हा!

नुसता संवेग दिला असता तर? ६४ किलोचा माणूस सेकंदाला १० सेंटीमीटर सरकला तरी संवेग ६.४ च भरतो. ऊर्जा मात्र अवघी ०.३२ ज्यूल. म्हणून दोन्ही आकडे लागतात.

न्यूट्रॉनच्या वेळी काय घडलं?

१९३२ च्या जानेवारीत आयरिन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी पॅरिसमध्ये पाहिलं, की बेरिलियममधून निघणारे अदृश्य किरण मेणातले प्रोटॉन उडवतात. हे गॅमा किरण, असं त्यांना वाटलं. केंब्रिजमध्ये जेम्स चॅडविक यांना ते पटेना. प्रोटॉन एवढ्या जोरात उडवायचा तर गॅमा किरणाची ऊर्जा सुमारे ५ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट हवी. नायट्रोजनवरून हिशोब केला तर त्याहून बरीच जास्त. किरण तेच, मग ऊर्जा दोन कशा?

त्याऐवजी हा विद्युतभार नसलेला कण मानला तर? अडचण अशी, की त्याचं वस्तुमान माहीत नाही, वेग माहीत नाही, धडकेनंतर त्याचा वेग किती उरला तेही माहीत नाही. संवेग आणि ऊर्जा यांच्या अक्षय्यतेची समीकरणं दोन, अज्ञात राशी तीन. इथे दुसरं लक्ष्य कामी आलं. समोरासमोरच्या धडकेत हायड्रोजनला मिळालेला वेग सेकंदाला ३ कोटी ३० लाख मीटर, नायट्रोजनला ४७ लाख मीटर. हायड्रोजनचं वस्तुमान १, नायट्रोजनचं १४. या दोन वेगांचं गुणोत्तर घेतलं की न्यूट्रॉनचा वेग कटतो आणि उरतं एवढंच :

(वस्तुमान + १४) ÷ (वस्तुमान + १) = ७.०२

सोडवून पाहा, उत्तर १.१६ च्या आसपास येतं. चॅडविक यांनी १.१५ दिलं. म्हणजे जवळजवळ प्रोटॉनइतकंच. त्यावरून वेग निघतो सेकंदाला साधारण ३ कोटी मीटर, प्रकाशाच्या एक दशांश. एवढ्या वेगालाही शाळेतली सूत्रं चालतात, चूक एका टक्क्याच्या आत राहते. पुढे बोरॉनवरच्या प्रयोगांतून त्यांनी हा आकडा १.००५ ते १.००८ वर आणला. आजची मान्य किंमत १.००८७. १९३५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

परीक्षार्थींनी एक सापळा ओळखून ठेवावा. ऊर्जेची दुप्पट भागिले संवेग हे सूत्र प्रकाशकणाला लावलं, तर त्याचा वेग प्रकाशाच्या दुप्पट येतो!