यंत्राची चित्रफीत आणि काजूचा कारखानदार

बांदा हें गोव्याच्या सीमेलगतचें, तेरेखोल नदीकांठचें गांव. या टापूंत काजूप्रक्रियेचे लहान लहान कारखाने आहेत. वाफवलेल्या काजूबिया कापण्याचें यंत्र घ्यावयाचें म्हणजे कारखानदार आज प्रथम यूट्यूब अथवा व्हॉट्सॲपवर त्याची चित्रफीत पाहतो. यंत्र बनविणाराही गिऱ्हाईक शोधतो तें तेथेंच.

मात्र साबणाचा गिऱ्हाईक निराळा आणि यंत्राचा निराळा. साबण वाईट निघाला तर एक वडी फुकट जाते. यंत्र वाईट निघालें तर कर्जाचा हप्ता तेवढा उरतो! म्हणून त्याचा प्रश्न एकच: शंभर बियांतून अख्खे गर किती निघतात? पौंडांत ३०० ते ३२० बसणारे अख्खे गर 'तीनशेवीस' या प्रतीचे म्हणून विकले जातात. तेच दुभंगले कीं ती प्रत गेली व भावही उतरला. पण पुष्कळ चित्रफितींत यंत्र धांवतें, संगीत वाजतें, आणि तुकड्यांचा ढीग मात्र कोठेंच दिसत नाहीं. बिया निवडून एकाच आकाराच्या घातल्या होत्या काय, हेंही कळत नाहीं. जो तुकडे तोलून दाखवितो व सुटे भाग कोठें मिळतील तें सांगतो, त्याची जाहिरात खरी.

हा मार्ग महाराष्ट्राला अगदींच नवा नव्हे. किर्लोस्करवाडीहून १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' निघाली, ती कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोंचविण्यासाठींच. शंकरराव किर्लोस्कर तिचे संपादक. आतां भेद एवढाच, कीं चित्रफितीखालीं दुसरा कारखानदार आपला अनुभव लिहितो, आणि नवा गिऱ्हाईक तोच आधीं वाचतो. एवढें करूनही जाणता माणूस स्वतःच्या बियांचें एक पोतें गाडींत टाकून यंत्र पाहावयास जातोच.