टंचाई आराखडा आणि विद्यार्थी : एक मागोवा

जानेवारी २०१६ मध्ये उच्च व तंत्रशिक्षण विभागाने ‘उन्नत महाराष्ट्र अभियाना’चा शासन निर्णय काढला. जिल्हा प्रशासनापुढचे प्रश्न महाविद्यालयांतल्या मुलांनी अभ्यासायचे, या कल्पनेवर सरकारी शिक्का बसला. कल्पना मात्र जुनीच. आयआयटी मुंबईत १९८५ साली ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘सितारा’ केंद्र सुरू झालं. तिथले प्रा. मिलिंद सोहोनी आणि त्यांचे विद्यार्थी ठाणे-रायगडच्या आदिवासी पट्ट्यातल्या नळपाणी योजना आधीपासूनच तपासत होते.

अशा अभ्यासाला ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडसारखा भाग नाही. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं शहापुरातली. तानसा तर १८९२ पासूनचं. मुरबाडच्या अंगाला बारवी धरण, त्याचं पाणी कारखान्यांना आणि शहरांना. पाऊस धो धो पडतो, पण कातळात फारसा मुरत नाही. उन्हाळा लागला की विहिरी तळ गाठतात आणि पाड्यांवर टँकर फिरू लागतात.

सरकारी कार्यालयात इंटर्नशिपला येणारी मुलं बहुधा मे-जूनमध्ये येतात. त्यांना टँकर दिसतो. टंचाई कशी घडत गेली ते दिसत नाही. जिल्हा प्रशासनाचा पाणीटंचाई आराखडा ऑक्टोबर ते जून असा तीन टप्प्यांत चालतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. त्यामुळे पहिला आठवडा मागच्या काही वर्षांचे आराखडे आणि पातळीच्या नोंदी वाचण्यात गेला, तर तो वाया गेला असं समजू नये. दरवर्षी तोच पाडा यादीत येत असेल, तर अभ्यासाचा विषय तिथेच मिळाला.

मग त्या पाड्यावर जायचं. ‘योजना बंद’ या दोन शब्दांत अनेक कारणं दडलेली असतात. उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, आटला असेल, पंपाचं वीजबिल थकलं असेल, जलवाहिनी फुटली असेल किंवा टोकाच्या घरांपर्यंत दाबच पोचत नसेल. आटलेल्या उद्भवाचं उत्तर भूजल यंत्रणेकडे, थकलेल्या बिलाचं ग्रामपंचायतीकडे, जलवाहिनीचं जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे. नेमकं कारण सापडलं नाही, तर अहवाल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

२०१९ साली जलजीवन मिशन आलं. माणशी रोज ४० लिटरचा जुना निकष ५५ लिटरवर गेला आणि घरोघरी नळजोडणी मोजली जाऊ लागली. नळातून प्रत्यक्षात किती पाणी येतं, हे मोजायला मात्र कुणीतरी पहाटे तिथे हजर असावं लागतं. बादली, घड्याळ आणि वही एवढ्या सामग्रीवर विद्यार्थी इथे उपयोगी पडतो. दहा गावं सांभाळणाऱ्या शाखा अभियंत्याला तेवढा वेळ नसतो.

२०१६ पासूनच्या या उपक्रमातला कच्चा दुवा इंटर्नशिपच्या शेवटच्या आठवड्यात आहे. जाड इंग्रजी अहवाल महाविद्यालयात गुण मिळवून देतो. गटविकास अधिकाऱ्याला दोन पानांचं मराठी टिपण हवं असतं. ते टिपण आवक क्रमांक घेऊन द्यावं, ग्रामसभेतही वाचावं. पुढच्या तुकडीने नवा विषय शोधण्याआधी तेच टिपण काढावं आणि तो पाडा टंचाईच्या यादीतून गेला का, एवढं तपासावं. पाडा अजून यादीत असेल, तर त्या तुकडीचा विषय ठरलेलाच आहे.