ट्रोल सरदाराला कुणी सोबत का घेईना?

थोरला भाऊ ४०व्या लेव्हलवर, धाकटी बहीण ३०व्या. दोघांनी मिळून एक राक्षस मारला, तर एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, कुणाला किती? सुट्टीत एकत्र ऑनलाइन गेम खेळणाऱ्या भावंडांत यावरून हमखास वाजतं. गणितज्ञ मात्र अशा वाटणीच्या प्रश्नावर गेली सत्तर वर्षं काम करत आहेत.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा गेम २००४ साली आला. त्यातलं त्या वेळचं सूत्र खेळाडूंनीच आकडे टिपून टिपून शोधून काढलं. ४०च्या खेळाडूने ४०चा राक्षस एकट्याने मारला, तर २४५ गुण. जोडीने मारला, तर हेच २४५ लेव्हलच्या प्रमाणात वाटायचे. म्हणजे दादाला १४०, धाकटीला १०५. यामागे भीती आहे ती पॉवर लेव्हलिंगची. सरसकट समान वाटणी ठेवली, की दादा लढणार आणि धाकटी झाडाखाली उभ्या उभ्या मोठी होणार.

पण लेव्हलचं प्रमाण म्हणजे कामाचं प्रमाण नव्हे. हे सगळ्यात झणझणीतपणे दिसलं ते १९९९च्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये. तिथे पार्टी सहा जणांची. वाटणी व्हायची ती प्रत्येकाने आजवर साठवलेल्या एकूण एक्सपीच्या प्रमाणात. वरवर बघता ठीकच वाटतं. आता गंमत पाहा. ट्रोल जमातीच्या पात्राला प्रत्येक लेव्हलसाठी २० टक्के जास्त गुण लागत, आणि शॅडो नाइट या क्लासला, म्हणजे पात्राच्या पेशाला, ४० टक्के जास्त. दोन्हींचा गुणाकार होऊन ट्रोल शॅडो नाइट इतरांच्याच लेव्हलवर असताना त्याच्या खात्यात १.६८ पट गुण जमलेले असत. पाच साधे गडी आणि तो एक, अशी पार्टी धरा. एकूण वाटे ६.६८. त्याला २५ टक्के, बाकीच्यांना प्रत्येकी १५. समान वाटणीत हेच प्रत्येकाला पावणेसतरा टक्क्यांच्या आसपास मिळाले असते. त्याची अडचण म्हणून लावलेला दंड सोबत्यांच्या खिशातून जात होता! मग कोण घेणार त्याला पार्टीत? तो कसा लढतो, हे बघायच्या आधीच नकार. क्लासवरचा हा दंड पुढे काढून टाकावा लागला.

मग कामाचं मोल मोजायचं कसं? याचं उत्तर गणितज्ञ लॉइड शॅप्ली यांनी १९५३ सालीच देऊन ठेवलं होतं. समजा, योद्धा एकटा तासाला ६० गुण कमावतो, जखमा भरणारा हीलर एकटा जेमतेम २०, आणि दोघं मिळून १४०. योद्धा आधी आला, तर त्याचे ६० आणि नंतर आलेल्या हीलरमुळे वाढले ८०. हीलर आधी आला, तर त्याचे २० आणि योद्ध्यामुळे वाढले १२०. दोन्ही क्रमांची सरासरी काढा. योद्ध्याला ९०, हीलरला ५०. मला ही युक्ती विलक्षण आवडते. एकटा असताना दुबळा ठरणारा हीलर इथे आपला खरा वाटा घेऊन जातो, आणि त्याची लेव्हल कुणी विचारतही नाही.

शॅप्लींना २०१२ साली, वयाच्या ८९व्या वर्षी, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण मानपत्रात गौरव होता तो स्थिर जोड्या जुळवण्याच्या त्यांच्या दुसऱ्या कामाचा. वाटणीचं हे सूत्र त्यात नव्हतं, याची मला आजही रुखरुख वाटते. आज यंत्रशिक्षणाच्या मॉडेलने अमुक निर्णय का दिला, हे उलगडायला जगभर हेच सूत्र वापरलं जातं.

गेममध्ये ते का नाही वापरत? सहा जणांची पार्टी ७२० क्रमांनी येऊ शकते. संगणकाला ते जड नाही. अडतं ते दुसरीकडेच. या सहांतून होणाऱ्या ६३ गटांपैकी प्रत्येकाने किती कमावलं असतं, हे माहीत हवं. आणि त्यातले ६२ गट त्या दिवशी लढलेलेच नसतात. म्हणून कुठलंही सूत्र ‘न्याय्य’ म्हणून मिरवायला लागलं, की त्यात नेमकं काय मोजलंय ते आधी बघावं.

माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा मार्ग २००४च्याच ‘सिटी ऑफ हीरोज’ने काढला. त्यांनी वाटणीशी झगडण्याऐवजी लेव्हलच हलवली. धाकटा हीरो थोरल्याचा ‘साइडकिक’ झाला, की तो तेवढ्यापुरता थोरल्याच्या एकच पायरी खालपर्यंत चढून लढायचा. उलट, थोरल्यालाही धाकट्याच्या पातळीवर उतरता यायचं. सुरुवातीला यासाठी एकास एक जोडी लागायची, म्हणून पार्टीत कुणीतरी बिनजोडीचं उरायचं. २००९ साली ती अट गेली आणि अख्खी टीम आपोआप एका पातळीवर येऊ लागली. अशा टीममध्ये धाकटी झाडाखाली उभी राहत नाही, तीही लढते. हा गेम नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद पडला, पण चाहत्यांनी तो पुन्हा उभा केला, आणि २०२४ च्या जानेवारीत ‘होमकमिंग’ या त्यांच्या गटाला एनसीसॉफ्ट या मालक कंपनीने तो चालवायचा रीतसर परवाना दिला.